हातचा, पाटी आणि गणकयंत्र : ब्रिटनच्या प्राथमिक शाळांतील एका प्रयोगाचा इतिहास

सप्टेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमधील काही मोजक्या प्राथमिक शाळांत सहा वर्षांच्या मुलांच्या हाती कॅल्क्युलेटर देण्यात आले आणि त्याच वेळी त्यांच्या शिक्षकांवर एक बंधनही घालण्यात आले. संख्या एकाखाली एक मांडून आणि हातचा धरून बेरीज-वजाबाकी करण्याची, तसेच गुणाकाराची व लांब भागाकाराची रूढ लेखी रीत या मुलांना शिकवायची नाही, असे ते बंधन होते. या प्रयोगाचे नाव ‘कॅल्क्युलेटर-अवेअर नंबर’, म्हणजे गणकयंत्राचे अस्तित्व गृहीत धरून आखलेला संख्याशिक्षणाचा अभ्यासक्रम, असे होते आणि तो ‘कॅन’ या आद्याक्षरी नावाने ओळखला गेला. पुढील पंचवीस-तीस वर्षे इंग्लंडमधील वादविवादांत त्याची आठवण ‘मुलांच्या हाती यंत्र देणारा प्रयोग’ अशीच राहिली; परंतु यंत्र देणे हा त्यातील तुलनेने साधा भाग होता, कारण १९८६ पर्यंत ते घरोघरी आणि दुकानोदुकानी पोहोचलेलेच होते. शतकाहून अधिक काळ प्राथमिक शाळेचा कणा मानली गेलेली उभ्या मांडणीची रीत काढून घेतल्यावर मुलांच्या डोक्यात गणित कोणत्या वाटेने उगवते, हे पाहणे हा त्यातील धाडसी भाग होता, आणि तो समजण्यासाठी ही रीत शाळेत इतकी घट्ट कशी रुजली याचा मागोवा आधी घ्यावा लागतो.

इंग्लंडमधील सामान्य जनतेच्या मुलांसाठी असलेल्या शाळांना सरकारी अनुदान देण्याचे नियम १८६२ मध्ये बदलण्यात आले. शिक्षण खात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने आलेल्या या ‘सुधारित संहिते’नुसार निरीक्षक वर्षातून एकदा शाळेत येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेई, आणि मूल ज्या विषयात नापास होई त्या प्रमाणात शाळेचे अनुदान कापले जाई. पुरेशी हजेरी असलेल्या, सहा वर्षांवरील मुलामागे परीक्षेचे आठ शिलिंग मिळत आणि प्रत्येक नापास विषयामागे त्यातून दोन शिलिंग आठ पेन्स वजा होत. आठ शिलिंगांचे तीन समान भाग केले की नेमकी हीच रक्कम येते, म्हणजे ज्या प्रकारचे उदाहरण मुलांना सोडवता यावे अशी अपेक्षा होती तेच उदाहरण अनुदानाच्या नियमात दडलेले होते. निकालानुसार पैसे देण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात मागे पडली. मुंबई इलाख्यातही अनुदानप्राप्त शाळांसाठी तिचा अवलंब त्याच शतकात झाला होता. तिने मागे ठेवलेली सवय मात्र नियमांपेक्षा दीर्घायुषी ठरली. निरीक्षकाला थोड्या वेळात पुष्कळ मुले तपासायची असत, त्यामुळे ज्याचे उत्तर एका दृष्टिक्षेपात बरोबर किंवा चूक ठरते आणि ज्याच्या पायऱ्या सर्वांच्या पाटीवर सारख्या दिसतात, अशा अंकगणितालाच शाळेत मान मिळाला.

दुसरे कारण बाजारपेठेत होते. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडात दोनशे चाळीस पेन्स, शिवाय पेनीचा चौथा भाग असलेला फार्दिंग, आणि त्यांच्या जोडीला औंस, स्टोन, इंच, यार्ड अशी प्रत्येकी वेगळ्या पटीने वाढणारी मापे, हे सारे कारकुनाला रोज कागदावर हाताळावे लागे. गुणाकार करताना एका स्तंभात बाराने भागून हातचा पुढे न्यायचा, त्यापुढच्या स्तंभात विसाने, अशी ही कसरत असल्यामुळे ठरावीक पायऱ्यांच्या लेखी रीतीला खरोखरच आर्थिक मोल होते, आणि व्यापारी पेढ्यांना व रेल्वे कंपन्यांना लागणारे हजारो कारकून याच शाळांतून तयार होत होते. यंत्र येण्याच्या आधी ज्याला यंत्राचे काम करावे लागे तो हा कारकून होय. त्याचे कसब नीरस होते, पण निरुपयोगी नव्हते.

ही उपयुक्तता कमी होण्याची प्रक्रिया दोन घटनांनी जवळजवळ एकाच वेळी पूर्ण केली. ब्रिटनमधील बेल पंच कंपनीने १९६१ मध्ये ‘अनिता’ नावाचे पूर्णतः इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बाजारात आणले, पण ते टेबल अडवणारे, कार्यालयापुरतेच यंत्र होते. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मात्र एकाच सिलिकॉन चकतीवर सगळी जोडणी बसू लागली आणि जपानी, अमेरिकी व ब्रिटिश कंपन्यांनी खिशात मावणारी यंत्रे विकायला सुरुवात केली. १९७२ मध्ये सिंक्लेअर कंपनीच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ची किंमत सुमारे ऐंशी पौंड होती, दशक संपेपर्यंत चार क्रियांचे साधे यंत्र काही थोड्या पौंडांत मिळू लागले. याच काळात, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, ब्रिटनने शिलिंग रद्द करून शंभर पेन्सचा पौंड स्वीकारला. दशमान चलनामुळे दुकानदाराचा हिशेब आणि यंत्राच्या पडद्यावरील दशांश चिन्ह यांचा मेळ बसला, आणि शाळेतील उभ्या मांडणीला आधार देणारी बाजारपेठ तिच्या पायाखालून सरकली. शाळेला हे लगेच जाणवले नाही. एखाद्या कौशल्याची गरज संपली तरी त्याची परीक्षा बराच काळ चालू राहते.

जाणवू लागले ते काही शिक्षणतज्ज्ञांना. शाळा निरीक्षक मायकेल गर्लिंग यांनी १९७७ मध्ये अशी मांडणी केली की प्राथमिक संख्यासाक्षरता म्हणजे चार क्रियांचे साधे गणकयंत्र समजून-उमजून वापरता येणे, आणि ते तसे वापरायचे तर मनातल्या मनात अंदाज बांधता येणे व आलेले उत्तर पटण्याजोगे आहे की नाही हे ठरवता येणे अनिवार्य आहे. दोन वर्षांनी स्टुअर्ट प्लंकेट यांनी एका लेखात तोंडी रीती आणि प्रमाणित लेखी रीती यांच्यातील फरक उलगडला. त्यांचे निरीक्षण असे की लेखी रीत सर्व संख्यांना सारखीच लागू पडते, थोडक्यात लिहिता येते आणि विचार न करता चालवता येते, म्हणजे ती मुळातच यंत्रासाठी घडलेली आहे. उलट मनातली रीत संख्येप्रमाणे बदलते, संख्येचे अंक सुटे न करता ती सबंध हाताळते आणि बहुधा डावीकडून, म्हणजे मोठ्या भागाकडून सुरू होते. त्याच दशकात लंडनच्या चेल्सी महाविद्यालयात कॅथलीन हार्ट यांच्या नेतृत्वाखाली माध्यमिक शाळेतील मुलांच्या गणिती आकलनाचा मोठा अभ्यास झाला, आणि त्यात असे दिसून आले की शिकवलेली रीत बाजूला ठेवून स्वतःच्या, काहीशा ओबडधोबड रीतीने उदाहरण सोडवणारी मुले पुष्कळ आहेत. शाळेला वाटत होते तितकी तिची शिकवण मुलांच्या मनात उतरलेली नव्हती.

मराठी वाचकाला प्लंकेट यांचा भेद परका वाटण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत आणि पुढे सरकारी मराठी शाळांतही, साध्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे संध्याकाळच्या परवच्यात म्हटले जात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांच्या पटी त्यांत बांधलेल्या असत. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात सव्वा रुपया शेर दराच्या मालाचे सात शेरांचे पावणेनऊ रुपये कागद न काढता सांगता येणे हेच हिशेबाचे कसब होते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनेमापे आली आणि या पाढ्यांचा व्यवहारातील आधार गेला. त्या पाठांतराचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्यात छडीचा वाटा मोठा होता आणि समजुतीचा बेताचाच. तरीही एवढे खरे की तोंडी गणित हेच मुख्य गणित आणि लेखी मांडणी हा त्याचा सोबती, हा क्रम मराठी मुलखाने पाहिलेला होता. इंग्लंडमधील सुधारक १९८० च्या सुमारास ज्या क्रमाकडे वळू पाहत होते तो रचनेने याहून फार वेगळा नव्हता, मात्र त्यांना त्यातून घोकंपट्टी वगळायची होती.

ब्रिटिश सरकारने १९७८ मध्ये गणित शिक्षणाची पाहणी करण्यासाठी विल्फ्रेड कॉक्रॉफ्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कारखानदारांच्या तक्रारींतून जन्मलेल्या या समितीकडून ‘पुन्हा पाढ्यांकडे चला’ अशा घोषणेची अपेक्षा अनेकांना होती; अहवालाने ती पूर्ण केली नाही. गणकयंत्राच्या वापरामुळे मुलांच्या मूलभूत आकडेमोडीवर वाईट परिणाम होतो असे उपलब्ध संशोधनातून दिसत नाही, असे समितीने नोंदवले आणि तोंडी गणिताकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल चिंता व्यक्त केली. अहवालातील सर्वांत गाजलेले निरीक्षण मात्र वेगळेच होते. ६३९९ नंतरची संख्या लिहिणे साधारण मुलाला अकराव्या वर्षी जमते, पण ते जमणारी सात वर्षांची मुले सापडतात आणि न जमणारी चौदा वर्षांचीही सापडतात. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलांच्या एकाच वर्गात आकलनाचे सात वर्षांचे अंतर असू शकते. वर्गातील सर्वांनी एकाच दिवशी एकच रीत एकाच गतीने शिकावी या गृहीतकाला बसलेला हा धक्का होता. अमेरिकेत तर तेथील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्येच सर्व इयत्तांत गणकयंत्राचा लाभ घेण्याची शिफारस केली होती, आणि १९८६ मध्ये रे हेम्ब्री व डोनाल्ड डेसार्ट यांनी एकोणऐंशी अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की यंत्राच्या जोडीने शिकल्याने सर्वसाधारण मुलांची कागदावरची आकडेमोड बिघडत नाही, उलट थोडी सुधारते. चौथी इयत्ता तेवढी याला अपवाद निघाली. हा अपवाद समर्थकांनी सोयीस्करपणे विसरावा आणि विरोधकांनी तेवढाच लक्षात ठेवावा, हे त्या वादाच्या रीतीला धरूनच झाले.

कॉक्रॉफ्ट समितीच्या सदस्यांत केंब्रिजच्या होमर्टन महाविद्यालयातील हिलरी शुअर्ड होत्या. एलिझाबेथ विल्यम्स यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘प्रायमरी मॅथेमॅटिक्स टुडे’ हे १९७० मधील पुस्तक शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरले गेले होते, त्यामुळे प्राथमिक शिक्षकाला वर्गात नेमके काय जड जाते याची त्यांना सैद्धांतिक नव्हे तर रोजच्या व्यवहारातील जाण होती. शालेय अभ्यासक्रम विकास समितीच्या निधीतून १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्राइम’ या प्राथमिक गणित शिक्षणाच्या प्रकल्पाचे संचालन त्यांच्याकडे आले आणि ‘कॅन’ हा त्याचाच एक भाग होता. प्रयोगाची तत्त्वे थोडी आणि स्पष्ट होती. वर्गातील काम प्रत्यक्ष कृतींचे व शोधाचे असावे, त्यात भाषेला आणि इतर विषयांनाही जागा असावी. संख्या कशा वागतात याचा मुलांनी स्वतः धांडोळा घ्यावा. तोंडी गणिताला महत्त्व द्यावे. गणकयंत्र मुलाजवळ नेहमी असावे, पण ते केव्हा वापरायचे हे शिक्षकाने नव्हे तर मुलाने ठरवावे. जे मनात जमत नाही त्यासाठी यंत्र वापरावे आणि रूढ लेखी रीती शिकवू नयेत.

या तत्त्वांतील यंत्र वापरण्याचा निर्णय मुलाचा, हे तत्त्व सर्वांत कळीचे ठरले. यंत्र शिक्षकाच्या कपाटात असेल तर ते बक्षीस किंवा पळवाट बनते. ते पेन्सिलीसारखे बाकावर पडून असेल तर प्रत्येक उदाहरणापुढे मुलाला विचार करावा लागतो की हे डोक्यात होईल का, त्याला यंत्राची गरज आहे का, आणि यंत्राने दिलेले उत्तर खरे वाटते का. प्रकल्पातील शिक्षकांचा अनुभव असा की मुले अपेक्षेपेक्षा कमी वेळा यंत्राकडे वळत, कारण सोप्या बेरजेसाठी कळा दाबत बसणे त्यांनाच कंटाळवाणे वाटे आणि डोक्यात हिशेब करणे ही त्यांच्यात प्रतिष्ठेची बाब झाली होती.

त्या काळात गणकयंत्राचा आधार घेऊन शिकवणाऱ्या वर्गांत रूढ झालेल्या खेळांवरून या पद्धतीचे अंतरंग कळते. पडद्यावर ७३५२ ही संख्या आहे. बाकीचे अंक न हलवता एकाच वजाबाकीने ३ च्या जागी शून्य आणायचे आहे. ज्या मुलाला तेथील अंक फक्त ‘तीन’ म्हणून दिसतो ते ३ वजा करते आणि पडद्यावर ७३४९ पाहून चकित होते. ज्याला तो तीनशे म्हणून दिसतो त्याचे काम एका फटक्यात होते. अंकाची स्थानिक किंमत, म्हणजे संख्येतील जागेवरून त्याला मिळणारे मूल्य, वर्षभर तक्ते दाखवून जी ठसत नाही ती येथे चुकीच्या उत्तरातून ठसते, आणि विशेष म्हणजे ती चूक कोणी लाल शाईने दाखवून द्यावी लागत नाही. दुसऱ्या एका खेळात ४ ची कळ बिघडली आहे असे मानून २४ गुणिले ६ करायचे असते. कोणी २५ ला ६ ने गुणून त्यातून ६ वजा करते, कोणी १२ ला ६ ने आणि मग २ ने गुणते. दोघांनाही १४४ मिळतात आणि गुणाकाराचे जे नियम पुढील इयत्तांत अक्षरांच्या साहाय्याने सांगितले जातात ते येथे नाव न घेता वापरले जातात.

साध्या यंत्रांत बरोबरची कळ पुन्हा पुन्हा दाबली की शेवटची क्रिया पुन्हा पुन्हा घडते. पाच मिळवत गेले की या पायऱ्यांतून पाचाचा पाढा वर चढत जातो हे उघड आहे, पण मुलांचे कुतूहल खाली उतरणाऱ्या पायऱ्यांनी जास्त चाळवले जाई. वीसमधून सहा-सहा काढत गेले की १४, ८, २ आणि मग पडद्यावर चारच्या आधी एक आडवी रेघ उमटते. शून्याच्या पलीकडेही संख्या आहेत, ही गोष्ट अभ्यासक्रमाने बऱ्याच पुढच्या वयासाठी राखून ठेवलेली होती. यंत्राला अभ्यासक्रम माहीत नसल्यामुळे त्याने ती सहा-सात वर्षांच्या मुलांना सांगून टाकली. दशांश अपूर्णांकांचेही तसेच झाले, कारण ७ ला २ ने भागले की ३.५ येणारच आणि १० ला ३ ने भागले की पडदा संपेपर्यंत तीनच तीन येणार. आठ अंकी यंत्रावर १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणले तर अनेकदा ०.९९९९९९९ दिसे, आणि यंत्रही चुकते की आपल्यालाच काही कळत नाही, हा वाद वर्गात सुरू होई. तो वाद खोल आहे. अनंत दशांशांच्या प्रश्नाने गणितज्ञांनाही दीर्घकाळ झुंजवले होते. तसेच स्वतःलाच गुणल्यावर १० देणारी संख्या शोधताना ३.१ कमी पडतात, ३.२ जास्त होतात, ३.१६ ने ९.९८५६ येतात आणि ३.१७ ने १०.०४८९, मधली जागा कितीही चाळली तरी नेमके दहा हाती लागत नाहीत. हा शोध हाताने करायचा तर एकेका गुणाकारातच मुलांचा उत्साह संपला असता.

उभी मांडणी न शिकलेली मुले दोन अंकी वजाबाकी कशी करत, हे या प्रयोगातून बाहेर आलेले सर्वांत मोलाचे निरीक्षण म्हणता येईल. ५३ मधून २७ वजा करताना रूढ रीत तीनमधून सात जात नाहीत असे सांगून शेजारच्या दशकाकडून उसने आणायला लावते. ही मुले डावीकडून सुरुवात करत: पन्नासातून वीस गेले, तीस उरले, तीनमधून सात गेले, म्हणजे शून्याखाली चार, तिसातून ते चार काढले की सव्वीस. तीनमधून सात ‘जात नाहीत’ हे विधान गणिताच्या दृष्टीने असत्य आहे, आणि शाळा ते पिढ्यान्‌पिढ्या ठासून सांगत आली आहे. ज्यांना ते कोणी सांगितले नव्हते त्या मुलांना ऋण संख्येचा आधार घेण्यात काहीच अडचण दिसली नाही. अर्थात सर्वच मुलांना अशा वाटा सापडल्या असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्या वर्गांत शिक्षक मुलांच्या रीती ऐकून घेत, त्या फळ्यावर मांडून एकमेकींशी ताडून पाहायला लावत, तेथे त्या फुलल्या. जेथे ‘शोधू द्या’ याचा अर्थ ‘सोडून द्या’ असा घेतला गेला तेथे काही मुले बोटांवर मोजण्यापलीकडे गेली नाहीत.

शिक्षकांची अवस्थाही सोपी नव्हती. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांची पाने हीच ज्यांच्या दिवसाची आखणी होती त्यांच्या हातून ती पाने गेली होती आणि मुलाने उद्या कोणता प्रश्न विचारावा हे त्यांच्या ताब्यात उरले नव्हते. शुअर्ड, अँजेला वॉल्श, जेफ्री गुडविन आणि व्हॅलरी वुस्टर यांनी १९९१ मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात मुलांइतकीच जागा शिक्षकांच्या बदलाला मिळाली. पालकांची शंका वेगळ्या प्रकारची होती. वहीत एकाखाली एक मांडलेल्या बेरजा आणि त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा हे शाळेत शिक्षण चालू असल्याचे त्यांना ओळखीचे प्रमाण होते. ते नाहीसे झाल्यावर मुलाने जेवताना सांगितलेली ऋण संख्या त्यांना प्रगती न वाटता गोंधळ वाटे. ही शंका हास्यास्पद ठरवणे अन्यायाचे होईल, कारण पुढच्या शाळेत आणि नोकरीच्या परीक्षेत मुलाला जुनीच मांडणी विचारली जाणार, हे पालकांना अनुभवाने माहीत होते.

प्रयोगाचे भवितव्य मात्र पालकांनी नव्हे तर राजकारणाने ठरवले. थॅचर सरकारने १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने इंग्लंड आणि वेल्ससाठी प्रथमच राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि ठरावीक वयांत सर्व मुलांच्या परीक्षांची तरतूद केली. गणिताचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या गटातच गणकयंत्र आणि लांब भागाकार यांवरून तट पडले. जपान व जर्मनीच्या उत्पादकतेचा अभ्यास असलेले अर्थतज्ज्ञ सिग प्रेस यांनी गटाचा कल न पटल्यामुळे त्यातून अंग काढून घेतले, तर शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांना कागदावरच्या गुणाकार-भागाकाराचा स्पष्ट आग्रह हवा होता. अखेर १९८९ मध्ये जो मजकूर लागू झाला तो तडजोडीचा उत्तम नमुना होता: तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने यंत्राविना गुणता व भागता आले पाहिजे असे त्यात म्हटले होते, पण कोणत्या रीतीने हे सांगितले नव्हते. म्हणजे शुअर्ड यांच्या मुलांना त्यात बसता येत होते. पण परीक्षा आली की शिकवणे परीक्षेकडे झुकते, हे १८६२ नंतरच्या पिढीने पाहिले होते आणि ते पुन्हा घडले. शुअर्ड यांचे १९९२ मध्ये निधन झाले आणि प्रयोगाचा सर्वांत अधिकारी आवाज ऐन वादाच्या काळात थांबला.

१९९० च्या दशकाच्या मध्यास आंतरराष्ट्रीय तुलनात्मक चाचण्यांचे निकाल आले, त्यांत सिंगापूरची मुले अग्रस्थानी आणि इंग्लंडची मुले संख्यांच्या विभागात मागे दिसली, आणि वृत्तपत्रांना गणकयंत्र हा दोषी आयताच सापडला. वस्तुतः इंग्लंडमधील बहुसंख्य शाळांत ‘कॅन’ची तत्त्वे कधी पोहोचलीच नव्हती, तेथे यंत्र होते, पण ते लेखी उदाहरणांची उत्तरे पडताळण्यापुरते. केंब्रिज विद्यापीठाचे केनेथ रुथव्हेन आणि त्यांचे सहकारी यांनी याच काळात, पूर्वी प्रयोगात असलेल्या शाळा आणि तशाच पण प्रयोगाबाहेरच्या शाळा यांची तुलना केली. प्राथमिक शिक्षणाच्या शेवटी दोन्हींकडील मुलांच्या एकूण गुणांत फारसा फरक त्यांना आढळला नाही. परंतु प्रयोगाचा वारसा असलेल्या शाळांतील मुले तोंडी हिशेबाकडे अधिक वळतात आणि ते अधिक आत्मविश्वासाने करतात असे दिसले. यंत्रामुळे मुलांची डोकी गंजतील ही भीती आणि यंत्रामुळे गणिताचे सुवर्णयुग येईल ही आशा, दोन्ही या निष्कर्षाने खोट्या पाडल्या. वृत्तपत्रांना त्यात मथळा सापडला नाही, हेही ओघाने आलेच.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय संख्यासाक्षरता धोरणाने या इतिहासाला एक चमत्कारिक वळण दिले. तोंडी गणिताला रोजच्या तासात अग्रस्थान द्यावे, उभी मांडणी मुलांच्या मनात संख्या स्थिरावेपर्यंत लांबवावी, मुलांनी आपली रीत सांगावी आणि इतरांच्या रीतींशी ताडून पाहावी, या त्यातील सूचना ‘कॅन’च्या वर्गांतून उचलल्यासारख्या होत्या, गणकयंत्र मात्र नऊ-दहा वर्षांच्या वयाआधी आकडेमोडीसाठी नको, असे त्यात बजावले होते. प्रयोगाचे फळ घेतले गेले आणि झाड तोडले गेले. मुलाला कसला तरी आधार देऊनच लेखी रीत लांबवता येते आणि तो आधार यंत्राने पुरवला होता, याचा विचार झाल्याचे दिसत नाही.

पुढची पायरी २०१२ मध्ये आली. शिक्षण खात्यातील तत्कालीन कनिष्ठ मंत्री एलिझाबेथ ट्रस यांनी अकरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय परीक्षेतून गणकयंत्राची प्रश्नपत्रिका काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०१४ पासून तो अमलात आला; त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमाने स्तंभांची बेरीज-वजाबाकी आणि लांब भागाकार नाव घेऊन परत आणले. २०१६ पासून घेतल्या जाणाऱ्या अंकगणिताच्या प्रश्नपत्रिकेत लांब गुणाकार किंवा लांब भागाकाराचे उत्तर चुकले तर पायऱ्यांचा गुण रूढ लेखी रीतीनेच प्रयत्न केलेल्या मुलाला मिळतो. स्वतःच्या रीतीने जवळ पोहोचलेल्या मुलाला तो मिळत नाही. १९८९ च्या मजकुराने जी जागा मोकळी ठेवली होती ती अशा प्रकारे सत्तावीस वर्षांनी बंद झाली.

संशोधनाचा कौल याच्याशी जुळत नाही. जेरेमी हॉजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इंग्लंडमधीलच एका शिक्षणनिधीसाठी जो पुराव्यांचा आढावा घेतला त्यात, शिकवण्याचा अंगभूत भाग म्हणून वापरलेले गणकयंत्र मुलांच्या आकडेमोडीला सहसा बाधा आणत नाही आणि अनेकदा साहाय्य करते, प्राथमिक शाळेत मात्र त्याचा वापर रोजचा नसावा, असाच निष्कर्ष निघाला. सहा वर्षांच्या मुलांच्या बाकावर यंत्र सतत ठेवणाऱ्या शुअर्ड यांच्या टोकाच्या योजनेला यातून पूर्ण पाठिंबा मिळत नाही, हे मान्य करावे लागते. पण त्यांनी ज्या प्रश्नाची परीक्षा घेतली, म्हणजे उभ्या मांडणीविना मुले संख्यांशी किती दूरवर चालत जाऊ शकतात, त्याचे उत्तर एवढ्या मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये त्यानंतर कोणीही पुन्हा तपासलेले नाही, आणि ते न तपासताच प्रयोग फसला असे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.